प्रश्न ठाण्याचा नाही, न्हाणीचा आहे

"देवगडजवळच्या वाडीत एकटी राहते. वय 71. दोन्ही गुडघे गेलेत, उजवा जास्त. हल्ली उजव्या पायातली चप्पल कधी निसटते, कळतही नाही. ज्येष्ठात न्हाणीत पडले, नशिबाने हाड वाचलं. तेव्हापासून मुलगा म्हणतो, चतुर्थी झाली की घराला कुलूप लाव आणि ठाण्याला चल. मला जायचं नाही. पण काठी घेऊन पाहुण्यांसमोर फिरायचीही लाज वाटते. काय करू?"

ताई,

आधी चप्पल. तुम्ही जाता जाता लिहिलंत, पण पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच आहे. झिजलेला गुडघा दुखतो, आखडतो. चप्पल निसटल्याचं न कळणं हे त्याचं काम नव्हे. तळव्याची जाणीव कमी झाली असेल किंवा पाऊल नीट उचललं जात नसेल, तर दुखणं नसांचं असू शकतं: मधुमेह, बी-12ची कमतरता, कण्यात दबलेली नस. देवगडात तपासणी झाली नाही तर ओरोसला जिल्हा रुग्णालयात जा, आणि डॉक्टरांना नुसतं "गुडघे दुखतात" सांगू नका, चप्पल सांगा. त्यासाठी चतुर्थीची वाट बघायची नाही. पाय एकाएकी लुळा पडला किंवा लघवीवरचा ताबा सुटला तर त्याच दिवशी दवाखाना. तोवर मागे पट्टा असलेली चप्पल वापरा.

काठी डाव्या हातात धरायची, दुखऱ्या पायाच्या उलट बाजूला. चप्पल घालून ताठ उभ्या राहा, हात सैल सोडा. काठीची मूठ मनगटाच्या घडीला यायला हवी. खालचं रबरी बूच गुळगुळीत झालं की ओल्या चिऱ्यावर, म्हणजे जांभ्या दगडावर, सरकतं, तेव्हा ते बदला. राहिले पाहुणे. काठी बघून जे बोलतील, ते तुम्हाला भिंत धरून चालताना बघूनही बोलणारच आहेत.

आता न्हाणी, कारण मुलाची भीती तिथली आहे. तो बहुधा दांडा बसवायला सांगेल. गवंडी चिऱ्याच्या भिंतीत भोक पाडतो, प्लास्टिकची गुट्टी ठोकतो, स्क्रू आवळतो. दिसायला भक्कम. पण जांभा सच्छिद्र दगड. ओल धरतो, भोकाच्या कडांचा भुगा होतो, आणि खरोखर वजन पडतं त्या दिवशी दांडा गुट्टीसकट हातात येतो. म्हणून बोल्ट भिंतीतून आरपार घ्यायचा आणि बाहेरच्या अंगाला रुंद पट्टी लावून आवळायचा. ते जमत नसेल तर पाइपचा उलटा यू करून त्याचे दोन्ही पाय जमिनीत फूटभर काँक्रीटमध्ये गाडायचे. पाइप सव्वा इंची, म्हणजे मुठीत नीट बसतो, आणि स्टेनलेसचा. आपल्या खाऱ्या हवेत साधं लोखंड टिकत नाही. उंची तुमच्या मनगटाएवढी, काठीचंच माप. बसवून झाल्यावर मुलाला त्याला धरून सगळं वजन टाकायला सांगा. हललं तर पुन्हा बसवून घ्या.

पाटावर बसून अंघोळ आता बंद. गुडघ्याच्या मागच्या घडीएवढं उंच, पायांना रबर असलेलं अ‍ॅल्युमिनियमचं स्टूल घ्या. प्लास्टिकच्या स्टुलाचे पाय ओल्या फरशीवर फाकतात. बादलीही एखाद्या ठोकळ्यावर हवी, म्हणजे वाकावं लागत नाही. उठताना आधी कडेला सरका, पावलं मागे घ्या, नाक गुडघ्यांच्या पुढे जाईल इतकं झुका, मग दांडा धरून उठा. न्हाणीबाहेरच्या चिऱ्यावर शेवाळ धरलं की कुणाकडून तरी ब्लीचिंग पावडर टाकून दहा मिनिटांनी नारळाच्या सोडणाने घासून घ्या.

खळ्यातून, म्हणजे अंगणातून, ओटीवर यायला तीन पायऱ्या असतील, आठ-आठ इंचांच्या. रॅम्पच्या नादी लागू नका. एक फूट चढाला बारा फूट लांबी धरतात. दोन फुटांना चोवीस. तुळस कुठे ठेवाल? शिवाय पावसात ओल्या उतारावरून खाली येणं दुखऱ्या गुडघ्याला पायरीपेक्षा अवघड. आठ इंचांच्या तीनऐवजी चार इंचांच्या सहा पायऱ्या करा, प्रत्येक फूटभर खोल, दोन्ही बाजूंना कठडा. सहा फुटांत काम होतं. चढताना बरा पाय आधी, उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी. हे काम मात्र उघडीप मिळाल्यावरच.

मुलाला "मी येणार नाही" असं कळवू नका, ही मापं कळवा. ठाण्याचं कारण सांगून तो खरं तर न्हाणीला घाबरलाय, आणि त्याचं चुकत नाही. चतुर्थीला येईल तेव्हा वेल्डर आणि गवंडी ठरलेले असू देत. रात्री सोबतीला वाडीतलं कुणी मिळतं का, तेही आताच बघा. एवढं करूनही पुन्हा पडलात, तर पुढचे पावसाळे ठाण्यात काढायला हट्टाने नाही म्हणू नये, असं माझं मत.

आणि न्हाणीत जाताना फोन न्या. प्लास्टिकच्या पिशवीत घालून खुंटीला अडकवा, पण खुंटी जमिनीपासून हातभर उंचीवर ठोकून घ्या, पडल्या जागेवरून हात पोचेल अशी.