पिकाचा आत्मा आणि भयकथेतील नरबळी

प्रश्न : भयकथांत आणि भयपटांत पिकाची देवता हटकून माणसाचा बळी मागते. लोककथांतील धान्यदेवता खरोखरच इतक्या रक्तपिपासू होत्या का?

उत्तर : सर्रास नव्हत्या. मेक्सिकोतील प्राचीन अॅझ्टेक लोक शीपे तोतेक या शेतीशी निगडित देवतेला माणसे बळी देत, हे खरे. परंतु ज्या युरोपीय समजुतींवर अशा अनेक भयकथा उभ्या आहेत, त्यांतील पिकाचा आत्मा मारणारा कमी आणि पळणारा अधिक आहे. विल्हेल्म मानहार्ट या जर्मन अभ्यासकाने १८६५ च्या सुमारास छापील प्रश्नावल्या पाठवून जी माहिती जमवली, तीनुसार कापणी पुढे सरकेल तसा हा आत्मा उभ्या पिकात मागे हटत जातो आणि अखेर शेवटच्या पेंढीत सापडतो. ती पेंढी कोठे मानाने घरी नेत, तर कोठे ती आपल्या वाट्याला येऊ नये म्हणून कापणारे धडपडत. जावा बेटावर तर भाताची देवी श्री बिचकू नये म्हणून तळहातात लपणाऱ्या लहानशा पात्याने लोंब्या खुडण्याची रीत होती.

मग रक्त आले कोठून? माझ्या मते मुख्यतः मानववंशशास्त्रज्ञ जेम्स फ्रेझर यांच्या १८९० सालच्या ‘द गोल्डन बाऊ’ या ग्रंथातून. शेतावरून जाणाऱ्या परक्या माणसाला कापणाऱ्यांनी धान्याच्या ताटांच्या दोराने बांधायचे आणि चार पैसे घेऊन सोडून द्यायचे, ही निव्वळ थट्टेची चाल. पण फ्रेझर यांनी तिची सांगड परक्यांना पेंढीत गुंडाळून त्यांचे मुंडके उडवणाऱ्या फ्रिजियाच्या (आजच्या तुर्कस्तानातील प्राचीन प्रदेश) लित्येर्सेसच्या दंतकथेशी घातली आणि तिच्यामागे प्राचीन नरबळी असावा, असा तर्क केला. पुढील अभ्यासकांनी या तर्कपद्धतीवर कठोर टीका केली. कथाकारांना मात्र ती चांगलीच मानवली. सफरचंदाचे पीक बुडाले म्हणून बेटावरचे लोक एका पोलिसाला जाळतात, तो १९७३ चा ‘द विकर मॅन’ हा चित्रपट त्याच ग्रंथाचा ऋणी आहे.

लोककथांत भीती आहेच, पण ती शेतातल्या खऱ्या धोक्यांना धरून आहे. उभे पीक तुडवणाऱ्या मुलांना जर्मन खेड्यांत धान्यातल्या बाईचा धाक घालत. स्लाव्ह लोकांची पोलुदनित्सा, म्हणजे दुपारची बाई, ऐन दुपारी शेतात राबणाऱ्याला गाठते, आणि तिच्यात उष्माघाताची सावली अनेकांना दिसते. पूर्व जर्मनीच्या बाजूच्या लुसाटिया या स्लाव्ह वस्तीच्या प्रदेशातील कथांत तिच्यापासून सुटण्याचा मार्ग एकच : जवसाची पेरणी, उपटणी, कताई, विणाई असे सगळे तिला तासभर न थांबता सांगत राहायचे. बळीच्या वेदीपेक्षा हा प्रसंग मला कितीतरी भयंकर वाटतो, आणि कथाकारांनी त्याच्याकडे इतके कमी लक्ष द्यावे, याचे नवल वाटते.