बेडकांचा फ्रॉक आणि आत्याबाईंची सर्कस

प्रिय मावशी,
मी ३२ वर्षांची, डोंबिवलीची. छाती ५० इंच, कंबर ४६. मला बेडूक, अळंब्या, चंद्र-चांदण्या, फुग्याच्या बाह्या, झालरी, दोन पायांत दोन रंगांचे मोजे असलं सगळं मनापासून आवडतं. हिरव्या बेडकांचा एक घेरदार फ्रॉक मागवला. दंडात काचतो, खांद्यावरून घसरतो, तरी खोलीला कडी लावून घालते. एकदाच चुलतबहिणीच्या मेंदीला घालून गेले, तर आत्या सगळ्यांसमोर म्हणाली, “सर्कस सुटली का गं? आपल्या अंगाला उभ्या रेघा, गडद रंग बरे.” आई शेजारीच होती. काही बोलली नाही. घरी आल्यावर म्हणाली, “साडी नेसत जा, तुला शोभते.” लहानपणी माझ्या फ्रॉकला सशाचा खिसा लावून देणारी आई हीच! आधी बारीक व्हावं आणि मग हे घालावं का?
– कपाटातली बेडकी

अगं बेडके,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: नाही. वजनाचं काय करायचं ते तू आणि तुझे डॉक्टर बघा, फ्रॉकला त्यात ओढू नकोस. मी बरीच वर्षं शिवणाचे क्लास घेतले. ‘बारीक झाले की शिवीन’ म्हणून ट्रंकेत ठेवलेली कापडं मी इतकी पाहिलीत! बाई आहे तशीच राहते आणि कापड घडीवर विरतं.

आता आत्याबाई. उभ्या रेघांचं त्यांचं शास्त्रसुद्धा कच्चं आहे. हेल्महोल्ट्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच दाखवलं होतं की आडव्या रेघांनी भरलेला चौकोन उलट उंच आणि अरुंद भासतो. पण हे त्यांना ऐकवायला जाऊ नकोस. ऐकवलंस की बारीक दिसायलाच हवं हे तूही मान्य केल्यासारखं होईल, आणि मग नुसता रेघांवर वाद. जाड बाईने कपडे घालायचे ते नजरेत न येण्यासाठी, असा आपल्याकडे न लिहिलेला नियम आहे. तू बेडूक घालून गेलीस म्हणजे तो मोडलास. त्यांना ते टोचलं.

आपल्याकडे हे कुणी केलंच नाही असंही नाही. मुंबईची शिल्पा चव्हाण, ‘लिटल शिल्पा’ या नावाने डोक्यावर घालायच्या अफलातून, विक्षिप्त वस्तू बनवणारी, हिने २०१६ साली लॅक्मे फॅशन वीकमध्ये खास जाड अंगाच्या लोकांसाठीचे कपडे रॅम्पवर आणले होते.

पण मला तुझ्या पत्रातलं दुसरंच वाक्य खटकलं. काचतो आणि घसरतो. तुला नक्की वाटलं असणार की दोष दंडांचा. दोष कटिंगचा आहे. तयार कपडेवाले बहुतेकदा लहान मापाचा नमुना घेतात आणि तोच चहूबाजूंनी वाढवत नेतात. छाती वाढली की खांदाही वाढवतात, गळाही. आता छाती ५० झाली म्हणून कुणाचे खांदे तेवढे रुंद होतात का? मग खांद्याची शिवण दंडावर येते, गळा उघडा पडतो आणि दंडात मात्र जागाच नसते. त्यातून बरेच मापतक्ते परदेशी अंगांवर बेतलेले. आपल्या अंगांची मापं घ्यायला ‘निफ्ट’ या सरकारी फॅशन संस्थेने २५,००० माणसं मोजायचा प्रकल्प हाती घेतला, तोही अगदी अलीकडे.

तेव्हा शिवूनच घे. दादरच्या हिंदमाताला किंवा मंगलदास मार्केटात सुती छापील कापड बघ. ४४ इंच पन्हा असेल तर पाच मीटरच्या खाली येऊ नकोस, झालरी कापड खातात. प्रत्येक झालर वरच्या घेराच्या दीडपट धर: कंबर ४६, तर पहिली ६९, दुसरी साधारण १०४. बारीक नक्षीच घ्यावी असं दुकानदार सांगेल. ऐकू नकोस. तुझ्याकडे जागा आहे, तळहाताएवढा बेडूक घे. फक्त टेलरला बजाव की ऐन छातीवरच्या शिवणीत बेडकाचं डोकं कापलं जाता कामा नये.

मापं देताना दंडाचं माप हात कोपरात वाकवून दे. पुढची उंची आणि मागची उंची वेगवेगळी घ्यायला लाव, नाहीतर फ्रॉक पुढून वर चढतो आणि दिवसभर खाली ओढत बसावं लागतं. आधी मांजरपाटाचा एक कच्चा फ्रॉक शिवून अंगावर बघ. शिवणीत दोन्हीकडे इंचभर माया ठेवायला सांग. आतून सुती शॉर्ट घाल, मांड्या घासल्या की कसली आलीय हौस! आणि जो टेलर ‘मॅडम, तुम्हाला हे नाही बसणार’ म्हणेल त्याला नमस्कार करून पुढचं दुकान गाठ.

मोज्यांचं तुझं तू बघ. मला व्यक्तिशः एका रंगाचे आवडतात, पण पाय तुझे आहेत.

राहिली आई. आत्याचा घाव वरवरचा होता. तू इतक्या वर्षांपूर्वीचा ससा आठवून लिहिलास, त्यावरून कळतं की तुला आईचं गप्प राहणं लागलं. साडी सुंदरच असते, कुणाच्याही अंगाला होते, माप विचारत नाही. पण ‘साडी नेस’मागे बऱ्याचदा ‘पुन्हा कुणी बोलायला नको’ हे असतं. आई तुझ्यावर चिडलेली नसावी, नणंदेला घाबरलेली असावी. भर मेंदीत नणंदेला उलटून बोलणं तिच्या पिढीला जमत नाही गं. तरी तिला सांग, एकदाच, घरात, भांडण न काढता: “आई, तेव्हा तू काहीतरी बोलायला हवं होतंस.” रडू आलं तर येऊ दे.

मग पाच मीटर कापड आणशील तेव्हा टेलरकडे एक काम देऊ नकोस. खिसे. तो तुकडा आईपुढे ठेव आणि विचार, ससा जमायचा, बेडूक जमेल का? आणि मोठे लावायला सांग, मोबाइल मावेल एवढे.

– तुझी मावशी