रत्नागिरीत नवीन युजर केला की मालवण-दापोलीच्या ब्रँचला तीन तास दिसतच नाही, सर्व्हर बिघडलाय का?

बिघडलंय काही नाही हो, ॲक्टिव्ह डिरेक्टरीची (विंडोजची युजर-पासवर्ड सांभाळणारी यंत्रणा) मूळ सेटिंगच तशी आहे. एका साईटमधले (म्हणजे एका जागेच्या नेटवर्कमधले) डीसी, म्हणजे युजरची यादी ठेवणारे डोमेन कंट्रोलर सर्व्हर, बदल झाला की १५ सेकंदांत एकमेकांना हाक मारतात, पण दोन साईटमध्ये कोणी हाक मारत नाही, पलीकडच्याने ठरल्या वेळी येऊन विचारायचं आणि ती वेळ डिफॉल्टला १८० मिनिटं. झाले तुमचे तीन तास. साईट लिंकच्या प्रॉपर्टीजमध्ये १५ करा, त्याच्या खाली ती घेत नाही.

कोणीतरी सांगेल की सगळं एकाच साईटमध्ये टाका, ते मात्र करू नका. मालवणचा पीसी आपल्या सबनेटवरून (आयपी पत्त्यांच्या गटावरून) साईट ओळखतो आणि जवळचा डीसी शोधतो, सगळं एक केलंत की त्यातले कितीतरी पीसी लॉगिनला रत्नागिरीकडे धावणार, वर साईट-साईटमधला डेटा कॉम्प्रेस होऊन जातो तेही गेलं. घाई असेल तेव्हा मी सरळ कन्सोलमध्ये चेंज डोमेन कंट्रोलर करून मालवणचा डीसी निवडतो आणि युजर तिथेच बनवतो, माणूस लगेच कामाला लागतो. पासवर्डचं वेगळं आहे, बदललेला पासवर्ड लगेच पीडीसीला (पासवर्डचे बदल आधी कळणारा एक खास डीसी) कळवला जातो आणि ब्रँचच्या डीसीला तो पटला नाही तर नाही म्हणायच्या आधी तो पीडीसीला विचारतो, अर्थात लाईन चालू असेल तर.

आपल्याकडे खरी भीती पावसाची. आमच्या एका ब्रँचचा डीसी मिरगाला लाईटच्या झटक्यांमुळे बंद करून ठेवला तो कोणीतरी शिमग्यात चालू केला, नऊ महिने! डिलीट केलेल्या युजरची खूण डिफॉल्टला १८० दिवसच राहते, त्यानंतर बाकीचे डीसी ते विसरतात आणि या पठ्ठ्याकडे तो युजर अजून जिवंत. नशीब की इव्हेंट २०४२ देऊन बाकीच्यांनी त्याच्याकडून काही घ्यायलाच नकार दिला. शेवटी जबरदस्तीने डिमोट (डीसीपदावरून काढणं), मेटाडेटा म्हणजे बाकीच्यांकडची त्याची नोंद साफ आणि पुन्हा नवीन डीसी, दोन दिवस गेले.

दापोलीला निसर्ग वादळात, २०२० च्या जूनमध्ये, कित्येक गावांत किती दिवस लाईट नव्हती ते तुम्हाला सांगायला नको. म्हणून रेपॲडमिनची रेपलसमरी (repadmin /replsummary, सिंकचा गोषवारा देणारी कमांड) आजच चालवा आणि दापोलीसमोर शेवटचा सिंक किती जुना दिसतो ते इथे टाका.