सोयाबीनची पाने करपली, बाजरी विरळ उगवली, बोअरचं पाणी खारं : तीन प्रश्नांना उत्तर

"फुलोऱ्यातल्या सोयाबीनवर युरिया फवारला. 15 लिटरच्या पंपाला किलोभर टाकला. दोन दिवसांत पानांच्या कडा करपल्या. युरिया बोगस होता का, साहेब?"

युरियाला दोष देऊ नका, दादा. प्रमाण चुकलं. शिफारस 2 टक्क्यांची आहे, म्हणजे 15 लिटरच्या पंपाला 300 ग्रॅम. तुमचं द्रावण साडेसहा टक्क्यांच्या पुढे गेलं.

लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना रात्री मीठ लावून ठेवतात आणि सकाळी पातेल्यात पाणी साचलेलं असतं. ते फोडींच्या पेशींमधून बाहेर आलेलं असतं. पेशीच्या पटलातून पाणी सहज ये-जा करतं, विरघळलेला क्षार तितक्या सहज जात नाही. म्हणून जिकडे द्रावण दाट, तिकडे पाणी ओढलं जातं. तुमचं पोरगं शाळेत शिकतं ते परासरण हेच, आणि पाणी गेल्यावर पेशीचा आतला भाग आकसतो तो रससंकोच. तुमच्या पानावर हेच घडलं. शिवाय पानात शिरलेला युरिया मर्यादेबाहेर साचला तरी इजा करतोच. भर उन्हात फवारलं असेल तर पानावरचं पाणी उडून द्रावण आणखी दाट झालं असणार.

आता लगेच दुसरं काही फवारू नका. ओल कमी असेल तर एक पाणी द्या आणि नवीन पाने येऊ द्या. करपलेली पाने हिरवी होणार नाहीत, पण शेंडा जिवंत असेल तर घाबरायचं कारण नाही.

पुढच्या वेळी युरिया वजन करूनच घ्या, मुठीच्या अंदाजाने नको. आधी वेगळ्या बादलीत विरघळवा. युरिया विरघळताना पाणी गार पडतं आणि शेवटचे दाणे रेंगाळतात, त्यामुळे ढवळत राहा, गाळा आणि मगच पंपात ओता. डीएपी खत फवारायचं असेल तर रात्रभर भिजत ठेवा आणि सकाळी वरची निवळी तेवढी कापडातून गाळून घ्या. तळाचा गाळ नोझल बंद पाडतो.

"अरगट या बुरशीच्या रोगासाठी बाजरीचं बी मिठाच्या पाण्यातून काढलं, तरी उगवण विरळ झाली."

10 लिटर पाण्यात 2 किलो मीठ हे 20 टक्क्यांचं द्रावण बरोबर आहे. अरगटच्या बुरशीच्या गाठी आणि पोचट दाणे हलके, ते वर तरंगतात; भरलेलं बी तळाशी बसतं. पण नंतर बी साध्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवलं का? तुम्ही तसंच पेरलं असेल, तर मला उगवण कमी होण्याचं कारण तिथेच दिसतं. बियाला चिकटलेलं मीठ त्याला पाणी शोषू देत नाही.

"बोअरचं पाणी खारं आहे. फिल्टर बसवला, तुरटी फिरवली, फरक नाही."

पडणारही नाही. फिल्टर वाळू अडवतो, तुरटी गढूळपणा तळाला बसवते. विरघळलेला क्षार दोन्हींच्या हाती लागत नाही. तो काढायला पाण्याची वाफ करून ती पुन्हा थंड करावी लागते, नाहीतर दाबाने पटलातून पाणी ढकलावं लागतं. एकरभर शेतीला हे परवडत नाही.

तेव्हा उपाय रानातच करायचा. शेततळ्याचं गोडं पाणी असेल तर त्यात मिसळून द्या. ठिबकने थोडं थोडं पण वारंवार द्या, म्हणजे मुळाशी ओल टिकून क्षार दाट होत नाही. ओल दिसत असूनही पीक दुपारी मान टाकतं, कारण जमिनीतलं द्रावण मुळाला पाणी घेऊ देत नाही. आपल्या काळ्या जमिनीत निचरा मंद, त्यामुळे चर काढणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. कापूस खारट पाणी बऱ्यापैकी सोसतो, मोसंबी सोसत नाही. नवी बाग लावण्याआधी पाणी तपासाच. विद्युत वाहकता, म्हणजे पाण्यात क्षार किती ते सांगणारं माप, 2.25 डेसीसायमन प्रति मीटरच्या वर आली तर त्या पाण्यावर मोसंबी लावू नका.

नमुना घेताना मोटार 15-20 मिनिटं चालू द्या, प्लॅस्टिकची स्वच्छ बाटली त्याच पाण्याने दोनदा विसळा, काठोकाठ भरा आणि त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवा.