शेत गहाण टाकून पर्यटकांसाठी खोल्या बांधाव्यात का?

तुमचं पत्र मिळालं. गावात पर्यटक वाढलेत, शेजाऱ्यांच्या खोल्या भरतात, म्हणून शेत गहाण टाकून सहा खोल्या बांधायच्या आणि शेती सोडून पूर्ण वेळ त्यातच उतरायचं, असं तुमच्या मनात आहे. स्पष्टच सांगतो: खोल्या करा, पण सहा नको, आणि शेतावर कर्ज काढून तर नकोच.

10 टक्के व्याजाने 10 वर्षांचं कर्ज घेतलं, तर दरवर्षी मुद्दलाच्या जवळपास 16 टक्के रक्कम हप्त्यांत जाते. हप्ता बारा महिने, तुमचा हंगाम मात्र चार महिन्यांचा. म्हणजे हंगामातल्या एकेका महिन्यावर तीन-तीन हप्त्यांचा भार. वर वीज, धुलाई, डागडुजी, बुकिंगचं कमिशन. शेजाऱ्यांच्या खोल्या तुम्ही सुट्ट्यांत भरलेल्या पाहिल्यात. एरवी मंगळवारी किती भरतात तेही विचारा. आणि खोल्या झाडणार कोण, रांधणार कोण, हे पत्रात कुठेच नाही. ते घरातल्या बायकांवर पडणार असेल, तर त्यांची मजुरी खर्चात धराच.

हंगाम तरी आपल्या हातात कुठे असतो? फिलिपिन्समधलं बोराकाय बेट सांडपाण्याच्या प्रश्नामुळे तिथल्या सरकारने 2018 मध्ये सहा महिने पर्यटकांसाठी बंद ठेवलं. 2020 मध्ये तर जगभरातले आंतरराष्ट्रीय पर्यटक 70 टक्क्यांहून अधिक घटले. अशा वर्षी घर शेतावरच चालणार, आणि नेमकं तेच तुम्ही गहाण टाकायला निघालात.

मला खरी काळजी जमिनीची आहे. पर्यटन वाढलं की जमिनीचे भाव चढतात, बाहेरचे खरेदीदार फिरू लागतात. हप्ते थकले आणि जमीन एकदा गेली, की ती परत घेणं गावातल्या माणसाला जमत नाही. मग आपल्याच जमिनीवर पगारी राखणदार होण्याची वेळ येते.

तेव्हा राहत्या घरातल्या दोन खोल्या बचतीतून नीट करून घ्या. सहा महिन्यांचा घरखर्च मात्र बाजूला राहू द्या. शेती चालू ठेवा. पाहुण्यांच्या ताटात तुमचाच माल गेला तर तो पैसाही घरात राहील. दोन हंगाम रोज वही लिहा: किती रात्री भरल्या, खर्च जाऊन हातात काय उरलं, पाणी किती लागलं. पुढे वाढवायचं ठरलंच, तर एक अख्खा हंगाम बुडाला तरी शेतीच्या उत्पन्नातून हप्ते फिटतील, एवढंच कर्ज काढा. तारण काय ठेवायचं ते तेव्हा ठरवू. वहीतले आकडे पाठवा.