पणजोबांचं अ‍ॅप्रन, ५९१२ साल आणि मेसन लॉज

प्रश्न : आमचं मूळ घर गुहागर तालुक्यात आहे. गेल्या उन्हाळ्यात कौलं परतायला काढली तेव्हा माळ्यावरून एक पत्र्याची पेटी खाली आली. तिच्यात पांढऱ्या कातड्याचं, आकाशी काठाचं छोटं अ‍ॅप्रन होतं, त्यावर कापडाची तीन गोल फुलं आणि दोन्ही बाजूंना रुपेरी साखळ्यांचे झुबके. सोबत मोठं सर्टिफिकेट, अर्धं इंग्रजी अर्धं लॅटिन, त्यावर पणजोबांचं नाव आणि साल चक्क ५९१२. पणजोबा मुंबईला वकील होते. आत्या म्हणते की त्यांनी गुपचूप धर्म बदलला होता म्हणून घरात तो विषय कोणी काढत नसे. खरं काय असेल? आणि पुढची माहिती कुठे मिळेल?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : आधी आत्याबाईंना सांगा की ती काळजी सोडा. पणजोबा फ्रीमेसन होते, म्हणजे बंधुभावाची शपथ घेतलेल्या लोकांच्या एका जुन्या संघटनेचे सभासद (तिच्या स्थानिक शाखेला लॉज म्हणतात), आणि मेसन व्हायला धर्म सोडावा लागत नाही, उलट देव मानत असाल तरच आत घेतात, इंग्लंड-स्कॉटलंडच्या परंपरेतल्या लॉजमध्ये नास्तिकाला प्रवेश नाही. शपथ ज्याने त्याने आपल्या ग्रंथावर घ्यायची, पारशाने अवेस्तावर, मुसलमानाने कुराणावर, हिंदूने बहुतेक करून गीतेवर. देवाला तिथे 'विश्वाचा महान शिल्पकार' म्हणतात, म्हणजे कुठल्याच धर्माच्या माणसाला परकं वाटू नये. धर्म आणि राजकारण या विषयांवर लॉजमध्ये वाद घालायला सक्त मनाई असते. तरी घरात विषय का काढत नसत ते कळण्यासारखं आहे हो, दाराबाहेर तलवार घेऊन माणूस उभा, आतलं बाहेर बोलायचं नाही, आणि मीटिंग झाली की साहेब-पारशी-मुसलमान सगळ्यांबरोबर एका टेबलावर जेवण, त्या काळात गावात कुजबुज व्हायला एवढं भरपूर होतं.

५९१२ चं कोडं सोपं आहे. सृष्टीची सुरुवात इसवी सनाआधी ४००० वर्षं झाली असं धरून मेसन लोक सालं लिहायचे, म्हणून चालू सालात ४००० मिळवलेले असतात. तुमचं सर्टिफिकेट १९१२ चं. त्यावर समासात पणजोबांची स्वतःची सही असेल ती नक्की बघा, सर्टिफिकेट हातात मिळालं की मालकाने तिथे सही करायची पद्धत होती म्हणजे दुसऱ्या कोणाला ते आपलं म्हणून दाखवता येऊ नये.

अ‍ॅप्रन तर जवळजवळ बोलतंच. नुसतं पांढरं कोकराचं कातडं असतं तर ते पहिल्या पायरीचं, म्हणजे नव्याने घेतलेल्या माणसाचं. खाली दोन आकाशी फुलं आली की दुसरी पायरी. आकाशी काठ, तीन फुलं आणि साखळ्यांचे झुबके (एकेका झुबक्यात सात साखळ्या असतात, मोजून बघा) म्हणजे तिसरी पायरी, मास्टर मेसन. लॉजचं अध्यक्षपद भूषवलं असतं तर फुलांच्या जागी उलट्या टी अक्षरासारख्या धातूच्या खुणा असत्या, त्या तुम्ही लिहिल्या नाहीत म्हणजे पणजोबा मास्टरच्या, म्हणजे लॉजच्या अध्यक्षाच्या, खुर्चीपर्यंत गेले नसावेत, निदान हे अ‍ॅप्रन घेतलं तोपर्यंत तरी. आता वरची घडी बघा. ती त्रिकोणी असेल तर इंग्लंडच्या ग्रँड लॉजखालचं (म्हणजे सगळ्या लॉजांवरच्या वरिष्ठ संस्थेखालचं) लॉज, गोलसर असेल तर बहुधा स्कॉटलंडचं, शिवाय स्कॉटिश लॉजं आपापला रंग निवडतात त्यामुळे तिथे आकाशीच असेल असं नाही. तुमचं वर्णन इंग्लिश पद्धतीशी जुळतंय.

शोध घ्यायचा तर सर्टिफिकेटवरचं लॉजचं नाव आणि नंबर दोन्ही उतरून घ्या, नुसता नंबर पुरत नाही कारण इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड तिघांची रजिस्टरं वेगळी, एकच नंबर तिन्हीकडे सापडतो, आणि इंग्लंडने तर १८६३ साली सगळे नंबर नव्याने लावले. इंग्लंडच्या ग्रँड लॉजची सभासद रजिस्टरं १७५१ ते १९२१ पर्यंतची ऑनलाइन वंशावळीच्या साइटवर बघता येतात, तुमचं १९१२ त्यात बसतं. सहसा त्यात दीक्षेची तारीख, वय, धंदा आणि राहण्याचं ठिकाण असतं. वकील पणजोबांचं मुंबईतलं बिऱ्हाड कुठे होतं ते कदाचित तिथेच सापडेल, घरच्या कागदांत नसलं तरी.

आणि एक कळकळीची विनंती, ती पेटी परत माळ्यावर ठेवू नका. आपल्याकडच्या पावसात कातड्याला बुरशी आणि कागदाला कसर लागायला एक आषाढ पुरतो. अ‍ॅप्रन पाण्याने पुसू नका, तेल नको, शू-पॉलिश तर नकोच. घडी उलगडून सपाट ठेवा, खालीवर धुतलेलं मांजरपाट घाला, डांबराच्या गोळ्या थेट अंगाला लागू देऊ नका. सर्टिफिकेट लॅमिनेट करू नका, फाटलं असलं तरी सेलोटेप लावू नका, ती पिवळी पडून कागद खाते. आधी दोन्हीचे चांगल्या उजेडात फोटो काढून ठेवा, अ‍ॅप्रनच्या मागच्या बाजूचाही, मागे खिसा किंवा दुकानाचं लेबल असतं.

प्रश्न : मुलीला कॉलेजात स्थानिक इतिहासाचा प्रोजेक्ट आहे. मेसन लॉज सुरू कसं करायचे आणि आपल्या माणसांना त्यात कधीपासून घ्यायला लागले, हे सांगाल का?
– मालवणहून एक पालक

उत्तर : चार जण जमले आणि लॉज उघडलं असं चालत नाही. कमीत कमी सात मास्टर मेसन लागतात, त्यांनी ग्रँड लॉजकडे अर्ज करायचा, आधीच्या एखाद्या लॉजने शिफारस करायची, मग सनद येते. इंग्लिश लोक तिला वॉरंट म्हणतात, स्कॉटिश लोक चार्टर. इंग्लिश वॉरंटमध्ये पहिला मास्टर कोण आणि दोन वॉर्डन (मास्टरच्या खालचे पदाधिकारी) कोण हे नावानिशी लिहिलेलं असतं आणि लॉजला रजिस्टरवर नंबर मिळतो. त्यानंतर धान्य, द्राक्षरस, तेल आणि मीठ वापरून लॉजची प्रतिष्ठापना होते. सनद हजर नसेल तर सभा भरवता येत नाही, इतकी ती महत्त्वाची. यावरून मुलीला एक लिहिता येईल, की लहान गावात लॉज टिकणं का कठीण होतं. सात माणसं जमवणं एक वेळ जमेल, पण दर महिन्याला हजेरी, वर्गणी, भाड्याची जागा, दरवर्षी नवा मास्टर, हे चालवायला छावणी नाहीतर मोठं शहर लागायचं, आणि छावणीतलं लॉज पलटण हलली की बंद पडायचं. म्हणून बोटीने मुंबईला जाऊन नोकरी-वकिली करणारा आपला कोकणी माणूस मेसन व्हायचा तो बहुतेक करून मुंबईतच.

आता इतिहास. लंडनला पहिलं ग्रँड लॉज १७१७ साली झालं. कलकत्त्याला फोर्ट विल्यममध्ये १७३० च्या सुमारास लॉज आलं, मद्रासला १७५२, मुंबईला १७५८. सगळी साहेब लोकांची. अपवाद होते, अर्काटच्या नवाबाचा मुलगा उमदत-उल-उमरा याला १७७० च्या दशकात त्रिचनापल्लीला घेतलं होतं, पण तो पडला नवाबजादा. साध्या सुशिक्षित हिंदी माणसासाठी दार बंदच होतं.

ते दार आपल्या मुंबईत उघडलं गेलं, आणि ज्याच्यामुळे उघडलं त्या माणसाबद्दल मला फार आदर आहे. माणेकजी कर्सेटजी. पारशी, पुढे मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात जज्ज झाले, आणि १८६३ साली मुलींसाठी अलेक्झांड्रा इंग्लिश शाळा काढणारे तेच. त्यांनी मुंबईच्या लॉजकडे अर्ज केला आणि नकार मिळाला. लॉजमध्ये मतदान गुप्त असतं, पेटीत पांढरी किंवा काळी गोळी टाकायची, ठरलेल्या संख्येइतक्या काळ्या गोळ्या निघाल्या की माणूस बाद, कारण कोणी सांगायचं नाही. दुसरा कोणी असता तर घरी बसला असता. माणेकजी युरोपला गेले, लंडनलाही जमलं नाही, तेव्हा पॅरिसला गेले आणि तिथल्या लॉजमध्ये मेसन होऊन परत आले. आता मुंबईतल्या लोकांची पंचाईत झाली, कारण एकदा रीतसर मेसन झालेल्या माणसाला नाही कसं म्हणणार, बंधुभाव तर सगळ्यांच्या तोंडी.

इथे दुसरा माणूस येतो, डॉक्टर जेम्स बर्न्स. कंपनीचा स्कॉटिश डॉक्टर, आधी कच्छमध्ये भुजला होता, १८४१ साली काबूलमध्ये मारला गेलेला अलेक्झांडर बर्न्स याचा हा भाऊ. पश्चिम हिंदुस्थानातल्या स्कॉटिश मेसन लोकांचा तो प्रमुख होता. भाऊ असा गेलेला असताना हा माणूस हिंदी लोकांशी एका पायरीवर बसायला तयार झाला हे मला विशेष वाटतं. जुन्या लॉजच्या लोकांशी भांडत बसण्यापेक्षा त्याने नवीनच लॉज काढायचं ठरवलं. १८४३ च्या डिसेंबरात मुंबईत 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' सुरू झालं, स्कॉटलंडच्या रजिस्टरवर नंबर ३४२. बर्न्स पहिला मास्टर, माणेकजी सेक्रेटरी. हिंदी माणसांना घ्यायचं म्हणूनच हे लॉज काढलेलं होतं. पुढे खरशेदजी रुस्तमजी कामा, फिरोजशहा मेहता अशी माणसं याच लॉजशी जोडली गेली.

हिंदूंचा प्रश्न मात्र आणखी रेंगाळला. तुम्ही एकच देव मानता का, शपथ कुठल्या पुस्तकावर घेणार, जात मध्ये येईल का, असले वाद वर्षानुवर्षं चालले. कलकत्त्याला प्रसन्नकुमार दत्त यांना कित्येक वर्षं झगडल्यावर १८७२ साली दीक्षा मिळाली आणि मग बंगालमध्ये वाट मोकळी झाली. १८८४ साली तिथल्याच अँकर अँड होप लॉजमध्ये नरेंद्रनाथ दत्त मेसन झाले, म्हणजे पुढचे स्वामी विवेकानंद. मुलीला सांगा की प्रोजेक्टमध्ये नुसती सालं लिहू नकोस, १८४३ आणि १८७२ यांच्यामध्ये २९ वर्षं का गेली यावर लिही. प्रोजेक्टचा खरा गाभा तोच आहे.

प्रश्न : ही लॉजं अजून चालतात का? बायकांना घेतात का?
– एक वाचक, अलिबाग

उत्तर : हो, चालतात. मुंबईत फोर्टात स्टर्लिंग थेटरच्या मागच्या बाजूला फ्रीमेसन्स हॉल आहे, जुनी देखणी इमारत, अलिबागहून गेटवेला लाँचने उतरलात की चालत जाण्याच्या अंतरावर. स्वातंत्र्यानंतर आपली स्वतःची ग्रँड लॉज ऑफ इंडिया २४ नोव्हेंबर १९६१ ला दिल्लीत स्थापन झाली, पहिले ग्रँड मास्टर रामपूरचे नवाब सय्यद रझा अली खान. बरीच लॉजं तिकडे गेली, काही इंग्लंड, स्कॉटलंड किंवा आयर्लंडच्याच सनदेवर राहिली, त्यामुळे आजही एकाच शहरात वेगवेगळ्या सनदांची लॉजं असतात.

बायकांना या लॉजमध्ये घेत नाहीत. स्त्री-पुरुष दोघांना घेणारी वेगळी शाखा फ्रान्समध्ये निघाली, अ‍ॅनी बेझंट १९०२ साली तिच्यात गेल्या आणि पुढे त्यांच्याबरोबर ती हिंदुस्थानातही आली, पण ग्रँड लॉजवाले तिला आपलं मानत नाहीत. हे मला पटत नाही हे मोकळेपणाने सांगते, कातडीच्या रंगावरून अडवलेल्या माणसासाठी ज्यांनी नवं लॉज उभं केलं त्यांच्या वारसांना हे अवघड जायला नको होतं.