व्हिडिओ कळतो, गणित सुटत नाही

यावेळी आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त एकाच विषयाची निघाली, कॉलेजचं पहिलं फिजिक्स ऑनलाइन घेतलेल्यांची. सगळी छापणं शक्य नव्हतं म्हणून ज्यांत बाकीच्यांचेही प्रश्न येऊन जातात अशी निवडली, थोडी कापली, राग नसावा.

प्रश्न: ताई, माझं वय ३९. नोकरी सांभाळून डिग्री पूर्ण करतोय आणि त्यात फिजिक्सचा एक ऑनलाइन कोर्स कंपल्सरी आहे. रात्री सगळं आवरलं की लेक्चर बघतो, सर इतकं छान शिकवतात की शब्दन्‌शब्द कळतो, मी नोट्सपण काढतो. पण होमवर्क उघडला की पहिल्याच गणिताला कुठून सुरुवात करायची तेच सुचत नाही. शेवटी सोल्युशन बघतो आणि वाटतं अरे हे तर मला येत होतं. या वयात डोकं गंजतं का हो?

उत्तर: डोकं बिलकुल गंजलेलं नाहीये, हेच पत्र मला अठरा वर्षांच्या मुलांकडूनही येतं, फक्त ते वयाऐवजी सिलॅबसला दोष देतात.

काय होतं बघा. व्हिडिओत सर गणित सोडवतात तेव्हा अवघड भाग आधीच उरकलेला असतो. आकृती कशी काढायची, कुठल्या वस्तूवरचे फोर्स मोजायचे, एक्स अक्ष कुठल्या दिशेला धरायचा, सूत्र कुठलं लावायचं, हे सगळं त्यांनी ठरवलेलं असतं आणि तुम्ही फक्त पुढच्या पायऱ्यांना मान डोलावता. त्या पायऱ्या सोप्याच असतात, म्हणून तर कळतात. होमवर्कमध्ये नेमका तो आधीचा भाग तुमच्या अंगावर येतो आणि तो तुम्ही आजवर एकदाही केलेला नसतो.

एक गणित देते, आत्ता कागद घेऊन करा, पुढचं वाचू नका. गुळगुळीत टेबलावर दोन ठोकळे, एक २ किलोचा एक ३ किलोचा, मधे दोरी. ३ किलोवाल्याला १० न्यूटनने ओढलं, दुसरा दोरीने मागोमाग येतोय. फ्रिक्शन नाही. दोरीतला ताण किती?

केलंत? बहुतेक जण १० म्हणतात. का, तर ओढतोय १० ने मग दोरीत १० च असणार. आता फक्त मागचा २ किलोचा ठोकळा वेगळा काढा, आणि त्याच्यावर आडव्या दिशेने कोण कोण ओढतंय ते बाणाने दाखवा. एकच बाण निघतो, दोरीचा. दोन्ही ठोकळे मिळून ५ किलो, १० न्यूटनने ॲक्सिलरेशन २ मीटर पर सेकंद स्क्वेअर. मागच्या २ किलोला तेवढं ॲक्सिलरेशन द्यायला लागतात ४ न्यूटन. झालं, ताण ४. सूत्र तेच, एफ बरोबर एम ए, म्हणजे फोर्स बरोबर वस्तुमान गुणिले ॲक्सिलरेशन, जे तुम्हाला पाठ आहे. अडलं होतं ते वस्तू वेगळी काढण्यापाशी. आणि तुम्ही आधी १० लिहून चुकला असाल तर फार उत्तम, कारण आता हे गणित विसरणार नाही, नुसतं बघितलं असतंत तर उद्या सकाळपर्यंत गेलं असतं.

म्हणून करायचं एवढंच, की व्हिडिओत प्रश्न स्क्रीनवर आला की सरांनी पेन उचलायच्या आत पॉज दाबायचा आणि निदान पाच मिनिटं स्वतः झटायचं, चुकीचं का होईना पण काहीतरी लिहायचं, मगच प्ले. ४० मिनिटांचं लेक्चर मग दीड तास चालतं, चालू दे. वाटेल की आपण फार हळू जातोय, काही शिकतच नाहीये. पण त्या वाटण्यावर जाऊ नका. २०१९ साली हार्वर्डमध्ये पहिल्या पातळीच्या फिजिक्सच्या विद्यार्थ्यांवरच हे तपासून पाहिलं होतं, मजकूर तोच, पण काहींना सफाईदार लेक्चर दिलं आणि काहींना वर्गातच गणितांशी झगडायला लावलं. लेक्चरवाल्यांना वाटलं आपण जास्त शिकलो. टेस्टमध्ये झगडणारे पुढे निघाले.

नोट्स काढणं मात्र कमी करा, सरांचं लिहिलेलं उतरवून काढणं हा झोप येऊ नये म्हणून केलेला उद्योग असतो, मीपण केलाय. आणि वेळेचा हिशोब आधीच मांडा. कॉलेजात एका तासाच्या लेक्चरमागे घरी दोन तास धरायची पद्धत आहे, ऑनलाइन झालं म्हणून ते दोन तास कुठे जात नाहीत, उलट कोणी विचारणारं नसल्यामुळे रविवार रात्रीवर ढकलले जातात आणि डेडलाइन बहुतेक तिथेच असते.

प्रश्न: मॅडम, ऑनलाइन होमवर्क सिस्टिम माझं बरोबर उत्तरपण चूक दाखवते. ३० अंशाचा उतार, फ्रिक्शन नाही, ठोकळ्याचं ॲक्सिलरेशन काढा. मी ९.८ गुणिले साइन ३० केलं, उत्तर आलं मायनस ९.६८. मला वाटलं दिशा उलटी असेल म्हणून मायनस काढून टाकला, तरी चूक. आता एकच अटेम्प्ट उरलाय.

उत्तर: अरे, तुझा कॅल्क्युलेटर रेडियनवर आहे, म्हणजे कोन मोजायच्या दुसऱ्या एककावर. त्याने ३० अंशांऐवजी ३० रेडियनचा साइन काढला, तो येतो मायनस ०.९८८. डिग्रीवर टाक, साइन ३० म्हणजे ०.५, उत्तर ४.९. सिस्टिम यावेळी तरी निर्दोष आहे.

पण मला जास्त खटकलं ते वेगळंच. ९.६८ लिहून तू सबमिट केलंस तेव्हा ३० अंशाच्या साध्या घसरगुंडीवरून ठोकळा जवळजवळ कड्यावरून पडल्यासारखा खाली येतोय असं म्हणालास. एकदा डोळ्यासमोर आण ना. उतार ० अंश केला तर ॲक्सिलरेशन ०, सरळ उभा ९० केला तर पूर्ण ९.८, मग ३० ला मधलं काहीतरी यायला हवं. ही दहा सेकंदांची तपासणी कॅल्क्युलेटर करत नाही, तुलाच करायला लागते. आणि उत्तर आवडलं नाही म्हणून मायनस पुसणं बंद कर, फिजिक्समध्ये मायनस काहीतरी सांगत असतो.

बाकी सिस्टिमचे स्वतःचे नखरे असतात हे खरंय, कुठे तीनच अंक लागतात, कुठे युनिट लिहिलं तरच मान्य. मधल्या पायरीत राउंड करू नकोस, शेवटीच कर.

प्रश्न: मी फर्स्ट इयरला आहे. आमची लॅबपण ऑनलाइन आहे, घरीच प्रयोग करून रिपोर्ट पाठवायचा. पेंडुलमवरून जी (g, गुरुत्वाकर्षणाचं ॲक्सिलरेशन) काढायचा होता, दोरी ५० सेंटीमीटर घेतली, मोबाईलच्या स्टॉपवॉचवर एका झोक्याचा (जाऊन परत येण्याचा) वेळ १.३ सेकंद आला आणि जी आला ११.७. मैत्रीण म्हणते वेळ १.४२ लिही, बरोबर ९.८ येतो. काय करू? आणि अशा घरगुती लॅबला खरंच काही अर्थ आहे का?

उत्तर: मैत्रिणीचं गणित चांगलं आहे, सल्ला वाईट. आकडा बदलू नकोस, प्रयोग बदल, अर्ध्या तासाचं काम आहे.

तुझी चूक कुठे झाली ते बघ. बोट स्टॉपवॉचवर पडायला साधारण ०.२ सेकंद इकडे तिकडे होतात, माझेही होतात तुझेही होतात. झोकाच जेमतेम १.४ सेकंदाचा, त्यात ०.२ म्हणजे १४ टक्के गेले. वर सूत्रात वेळेचा वर्ग आहे, जी बरोबर चार पाय (π) स्क्वेअर गुणिले लांबी भागिले टी स्क्वेअर, टी म्हणजे एका झोक्याचा वेळ, म्हणजे जी मधे चूक आणखी दुप्पट. आता एकाऐवजी २० झोके मोज. एकूण २८ सेकंदांच्या आसपास येतील, त्यात तेच ०.२ गेले तर एक टक्कापण नाही. बोट तेवढंच आळशी राहिलं, चूक मात्र वीस झोक्यांत वाटली गेली.

मोजताना दोन तीन गोष्टी सांभाळ. स्टॉपवॉच चालू करताना "शून्य" म्हणायचं, "एक" नाही. हसू नकोस, वीस म्हणून एकोणीस झोके मोजलेले रिपोर्ट मी गठ्ठ्याने बघितलेत. गोळा टोकाला असताना सुरू करू नकोस, तिथे तो रेंगाळतो आणि नेमका क्षण कळत नाही, मधून वेगाने जातो तेव्हा सुरू कर. झोका छोटा ठेव, दहा अंशांच्या आत, कारण हे सूत्र छोट्या झोक्यापुरतंच आहे, ३० अंशाला सोडलंस तर टी सुमारे पावणेदोन टक्क्यांनी वाढतो. आणि लांबी गाठीपर्यंत नाही, गोळ्याच्या मध्यापर्यंत. पन्नासात दोन सेंटीमीटर चुकले की चार टक्के तिथेच गेले. शक्य असेल तर चार पाच वेगवेगळ्या लांब्या घेऊन टी स्क्वेअर विरुद्ध लांबीचा ग्राफ काढ, सरळ रेष येते आणि तिचा उतार एका मीटरला ४ सेकंद स्क्वेअरच्या जवळ. ती रेष स्वतःच्या घरात, स्वतःच्या दोरीने आली की काय वाटतं ते तूच कळव.

रिपोर्टमध्ये ११.७ पण लिही, का चुकलं ते लिही, आणि दुसऱ्यांदा काय बदललं ते. जो शिक्षक त्याचे मार्क कापेल त्याला प्रयोग म्हणजे काय ते शिकवायची गरज आहे.

अर्थ आहे का विचारलंस, तर माझ्या मते कॉलेजच्या लॅबपेक्षा कधी कधी जास्तच, कारण तिथे उपकरण मांडून ठेवलेलं असतं आणि आपण आकडे भरतो. शिवाय तुझ्या मोबाईलमधेच अर्धी लॅब आहे. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाने बनवलेलं फायफॉक्स नावाचं फुकट ॲप आहे, ते फोनमधले सेन्सर वापरतं. त्यात आवाजावर चालणारं स्टॉपवॉच आहे, एका आवाजाला सुरू आणि दुसऱ्या आवाजाला बंद. १ मीटरवरून पडणाऱ्या वस्तूला ०.४५ सेकंद लागतात, ते बोटाने मोजायला जाशील तर फजिती, आवाजाने छान मोजता येतं.

फक्त एक. या लॅबचे क्रेडिट पुढे दुसऱ्या कॉलेजात न्यायचे असतील तर ऑनलाइन लॅब ते धरतात का हे आधी विचारून घे, आणि ईमेलवर लेखी घे. तोंडी "हो हो चालेल" वर माझ्या ओळखीतल्या एकीला लॅब परत करायला लागली.

प्रश्न: ॲल्जिब्रावालं फिजिक्स घेऊ की कॅल्क्युलसवालं? गणित सुटून दहा वर्षं झाली.

उत्तर: तुम्हाला पुढे काय करायचंय त्यावर. इंजिनिअरिंग किंवा फिजिक्समध्येच जायचं तर कॅल्क्युलसवालंच, सोपं म्हणून दुसरं घेतलंत तर हाच कोर्स परत करायला लागू शकतो. बाकी बऱ्याच शाखांना ॲल्जिब्रावालं चालतं, तुमच्या पुढच्या कोर्सची अट वाचून घ्या. ज्याची भीती वाटते त्या कॅल्क्युलसमुळे पहिल्या महिन्यात सहसा कोणी अडत नाही, अडतात ते साइन कॉस, व्हेक्टरचे दोन भाग करणं आणि समीकरणात अक्षरं इकडची तिकडे नेण्यात. आकडे घालायच्या आधी अक्षरांतच उत्तर काढायची सवय लावा. कोर्स सुरू व्हायच्या आधी दोन आठवडे रोज अर्धा तास एवढंच केलंत तरी पुष्कळ.

प्रश्न: आमच्या बॅचच्या ग्रुपवर होमवर्कची उत्तरं फिरतात, आणि चॅटबॉटला विचारलं की तो पूर्ण सोल्युशन देतो. हे वापरणं चूक आहे का?

उत्तर: चूक बरोबर तुमच्या कोर्सच्या नियमात लिहिलेलं असेल, ते वाचा. मी उपयोगाचं सांगते. होमवर्कला मार्क थोडे असतात, परीक्षेला जास्त, आणि परीक्षेत ग्रुप नसतो. बाकी वरच्या पहिल्या पत्राला जे सांगितलं तेच, तयार सोल्युशन म्हणजे आणखी एक व्हिडिओ.

चॅटबॉटला विचारायचंच तर आधी स्वतःची आकृती काढून, स्वतःचं उत्तर लिहून मग विचारा, "यात मी कुठे चुकलोय, उत्तर सांगू नकोस". आणि तो सांगेल ते तपासा, आकडेमोडीत तोही बिनधास्त चुकतो. तुमचं पक्कं आहे का हे बघायला एक प्रश्न देते. चेंडू सरळ वर फेकला, सगळ्यात वरच्या टोकाला पोचला त्या क्षणी त्याचं ॲक्सिलरेशन किती? शून्य म्हणालात तर फोर्सचं प्रकरण परत करा. वेग शून्य आहे, ॲक्सिलरेशन ९.८ च, खालच्या दिशेने. ते शून्य असतं तर चेंडू वरच लटकून राहिला असता.

बघून मजा येईल असं काही हवं असेल तर कोलोरॅडो विद्यापीठाची फेट (PhET) सिम्युलेशन्स आहेत, म्हणजे स्क्रीनवर करून बघायचे प्रयोग, फुकट. नोबेल मिळालेल्या कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये ती सुरू केली. पण तिथेही स्लायडर हलवायच्या आधी काय होईल ते कागदावर लिहा, नाहीतर तो गेम होतो.

प्रश्न: मॅडम, पाचवा आठवडा चालू आहे आणि मी तीन आठवडे मागे आहे. अकरा लेक्चर बघायची राहिलीत. सोडून देऊ का कोर्स?

उत्तर: अकरा लेक्चर ओळीने बघायला बसू नकोस, पहिल्या तीनमध्येच दमशील आणि तोवर आणखी दोन वाढतील. उलटीकडून ये. या आठवड्याचा होमवर्क उघड, एक गणित घे, जिथे अडशील तेवढ्यापुरतंच मागे जाऊन बघ. याला अपवाद फक्त फोर्सच्या प्रकरणाचा, न्यूटनचे नियम आणि फ्री बॉडी डायग्राम (एकच वस्तू वेगळी काढून तिच्यावरचे फोर्स बाणांनी दाखवणं) नीट कर, कारण एनर्जी, मोमेंटम, रोटेशन सगळं त्याच्यावर उभं आहे. प्रोजेक्टाइलची, म्हणजे फेकलेल्या वस्तूंची, राहिलेली गणितं नंतर बघू.

शिक्षकांना आजच दोन ओळींची मेल टाक, रडगाणं नको, कुठे आहेस आणि काय करणार आहेस एवढंच. ऑनलाइन कोर्समध्ये तुझा चेहरा त्यांना दिसत नाही, तू बुडतोयस हे तू सांगितल्याशिवाय कळत नाही.

आणि कोर्स मागे घ्यायची शेवटची तारीख किती आहे ते बघ, कॅलेंडरमध्ये असते. ती पुढे असेल तर दोन आठवडे वरच्यासारखं करून मग ठरव. उलटून गेली असेल तर मला परत लिही, मग वेगळं बोलू.